काळी चार, कॅपो एक

काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, म्हटलं की माझा हात आपोआप गिटारच्या पहिल्या फ्रेटकडे, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीकडे जातो. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका जागी एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्यावर, बोटं 'जी' कॉर्डवर. काळी पाच असेल तर कॅपो तिसऱ्यावर, बोटं तिथंच. पांढरी सहा, दुसऱ्यावर. पुण्यात भावगीतं गाणाऱ्यांबरोबर गिटार वाजवायची तर हा हिशेब तोंडपाठ लागतो, कारण समोरचं कुणी 'जी शार्प मेजर' वगैरे म्हणत नाही. "माझी पट्टी काळी चार" एवढं सांगतात आणि डोळे मिटून सा लावतात. तेवढ्या वेळात आपण तयार हवं.

कॅपोबद्दल जे व्हिडिओ दिसतात त्यात बहुतेक एकच गोष्ट सांगतात: अवघड बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या त्या, टाळायच्या असतील तर कॅपो लावा. खोटं नाही ते. पण माझ्या लेखी कॅपो गाणाऱ्यासाठी असतो, वाजवणाऱ्याची सोय ही वरकड मिळकत. हे मला कुठल्या क्लासात कळलं नाही, आत्याबरोबर वाजवायला बसल्यावर कळलं.

आत्या शनिवार पेठेत राहते. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाली, अजून रोज सकाळी पेटी घेऊन बसते. मी कॉलेजात असताना मैत्रिणीची गिटार मागून आणून शिकले, म्हणजे कॉर्डचं पुस्तक समोर आणि वसतिगृहाची गच्ची, असं ते शिक्षण. पुढे नोकरी, सिंहगड रोडवर घर, मुलं; गिटार कपाटाच्या मागे. ती बाहेर निघाली ती सोसायटीच्या कोजागिरीला. आत्या पाहुणी म्हणून आली होती, पेटीवाल्या काकांना यायला उशीर होत होता, आणि ती मला म्हणाली, "अगं, तुझं ते काय आहे ते आण. सा तर देशील?"

"कुठल्या सुरात गातेस?"

"काळी चार. बायका साधारण तिथंच गातात, हे तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं, पण गिटारवर ते कुठं असतं याचा कधी विचार केला नव्हता. ज्यांना पेटीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. पांढरी १ म्हणजे सी, पांढरी २ डी, ३ ई, ४ एफ, ५ जी, ६ ए, ७ बी. काळी १ सी शार्प, २ डी शार्प, ३ एफ शार्प, ४ जी शार्प, ५ ए शार्प. गायक पुरुष बऱ्याचदा काळी १-२ च्या आसपास, बायका काळी ४-५ च्या. कॅपो एक फ्रेट पुढे सरकवला की सगळी गिटार अर्ध्या सुराने चढते, आणि बोटांची ठेवण तीच राहते. झालं, बाकी बेरीज-वजाबाकी.

या बेरजेत एक खड्डा आहे. पेटीवर पांढरी ३ आणि पांढरी ४ च्या मध्ये काळी पट्टी नाही, ७ आणि वरच्या १ च्या मध्येही नाही. म्हणजे पांढरी १ पासून २ पर्यंत जायला दोन फ्रेट लागतात आणि ३ पासून ४ ला एकच. पेटीवर हे डोळ्यांना दिसतं. गिटारवर सगळे फ्रेट एकसारखे, त्यामुळे 'ई पासून दोन घरं मोजली म्हणजे एफ आला' असं समजणारे भेटतात. मी गिटारच्या केसच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर पाच शेप, म्हणजे कॉर्ड धरायच्या बोटांच्या ठेवणी आहेत, सी, ए, जी, ई, डी, आणि प्रत्येकाखाली पट्टी आणि फ्रेट. आता बघावा लागत नाही, पण मुलाने त्यावर डायनासोर काढलाय म्हणून काढवतही नाही.

आता गंमत अशी की एका पट्टीला एकच उत्तर नसतं. काळी ४ हवी असेल तर जी शेपला कॅपो १, ई शेपला ४, डी शेपला ६, सी शेपला ८. चारही बरोबर. पण चार ठिकाणी चार वेगळ्या गिटारी ऐकू येतात. जी शेप पहिल्या फ्रेटवर म्हणजे खालचा भरदार खर्ज पूर्ण मिळतो. दहा-बारा जण मिळून गात असतील, टाळ्या चालू असतील, तर हेच. सी शेप आठव्यावर म्हणजे तार इतकी आखूड झाली की आवाज मँडोलिनकडे झुकतो. (युकुलेलेवाल्यांना माहीत असेल, गिटारच्या पाचव्या फ्रेटवर कॅपो लावला की वरच्या चार तारा जी सी ई ए होतात. युकुलेलेचेच स्वर, फक्त तिथे पहिला जी साधारणपणे वरच्या सप्तकातला असतो.) ते नाजूक वाजणं एखाद्या अंगाईला छान वाटतं, एरवी पेटीखाली दबून जातं.

बरीच वर्षं माझी निवड एवढ्यावरच चालायची, खर्ज हवा की नाजूक हवं. मग एका रविवारी आत्याकडे सराव होता. मी जी शेपसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तारा जुळवत होते, म्हणजे एकेक मोकळी तार छेडत होते, कॉर्ड न धरता. आत्या आत चहा टाकत होती. तिथून ओरडली, "भूप वाजवतेस का गं?"

मी काहीच वाजवत नव्हते. मोकळ्या तारा होत्या नुसत्या. ती बाहेर आली, पेटीवर काळी चारचा सा धरला आणि म्हणाली, परत वाजव, खालून वर. सहावी, सगळ्यात जाड तार: ध. पाचवी: रे. चौथी: प. तिसरी: सा. दुसरी: ग. पहिली: पुन्हा ध. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. राग भूपच की.

मी इतकी वर्षं त्या सहा तारा ई ए डी जी बी ई म्हणून ओळखत होते आणि त्यात भूप बसलेला मला दिसला नव्हता. आत्याला मात्र आता चेव आला. चहा राहिला गॅसवर. "तुझा सा बदल," म्हणाली. "डी ला सा मान." तर त्याच सहा तारा झाल्या रे, प, सा, म, ध, रे. सा रे म प ध. "दुर्गा," ती लगेच म्हणाली. ई ला सा मानला तर सा, म, कोमल नि, कोमल ग, प, सा: धानी. ए ला मानला तर प, सा, म, कोमल नि, रे, प: मधमाद सारंग. आणि बी ला सा मानला, तर म, कोमल नि, कोमल ग, कोमल ध, सा, म. आत्याने पेटीच मिटली. "मालकंस. अगं, ही मूर्च्छना आहे नुसती. पाच स्वर, सा फिरवत न्यायचा. भूपातून हे सगळे निघतात, आम्हाला गुरुजींनी पहिल्याच वर्षी दाखवलं होतं."

मूर्च्छना म्हणजे स्वर तेच ठेवून षड्ज हलवायचा. कॅपो नेमकं उलटं करतो, सहाही तारा एकदम सारख्याच चढवतो, त्यामुळे त्यांची आपसातली नाती जशीच्या तशी राहतात. जी शेपमध्ये जो भूप होता तो कॅपो पहिल्यावर असो की पाचव्यावर, भूपच राहतो, फक्त गाणाऱ्याच्या पट्टीला येऊन बसतो. हे एकदा कळल्यावर शेप निवडण्याची माझी रीतच बदलली. आता मी आधी गाण्याचे स्वर बघते. भूपाच्या अंगाचं गाणं असेल तर जी शेप, कारण मग बोट न लावलेली कुठलीही तार चुकून झणकली तरी ती गाण्यातलाच स्वर बोलते. दुर्गाच्या अंगाचं असेल तर डी शेप, काळी ४ ला कॅपो सहाव्यावर. कोमल गंधार-निषादाचं असेल तर ई मायनरचा शेप, कॅपो चौथ्यावर. मधमाद सारंगाला खरं तर ए शेप हवा, पण काळी ४ ला तो अकराव्या फ्रेटवर जातो, तिथे गिटार उरतच नाही. तेव्हा तडजोड. सी शेपच्या मोकळ्या तारांत तर सा-च नाही, ग ध रे प नि आहेत. बहुधा म्हणूनच सी मला कायम जरा परका वाटत आलाय. गोड आहे, पण त्यावर टेकता येत नाही.

कुणी म्हणेल, राग गिटारवर कुठे वाजतात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) नाहीत. नाहीत. फ्रेट बारा सारख्या भागांत पाडलेले असतात, त्यातला गंधार आत्याच्या गंधारापेक्षा चढाच असतो आणि तिला तो टोचतो. पण तीच तक्रार पेटीबद्दलही होती, आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि आज पेटीशिवाय कुणाचं पान हलत नाही. मी राग वाजवत नाही, साथ करते. साथीला नको तो स्वर वाजला नाही म्हणजे पुष्कळ झालं.

तारा जुळवण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण कॅपोचा बदलौकिक होतो तो इथेच. कॅपो लावला की गिटार थोडी चढते, अर्धा सूर चढायला हवी त्याच्या जरा वरच. कारण साधं आहे. कॅपो तारेला फळीवर दाबतो, दाबली की ती ताणली जाते, ताणली की स्वर चढतो. सगळ्या तारा सारख्या चढत नाहीत. माझ्या गिटारवर सहावी आणि तिसरी जास्त बिघडतात. स्प्रिंगचा कॅपो, तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा असतो तो, त्याचा जोर आपल्या हातात नसतो, त्यामुळे त्यात हे जास्त होतं. स्क्रूच्या कॅपोत तारा खरखरायच्या थांबतील एवढाच आवळता येतो. आणि जागा. फ्रेटच्या पट्टीला अगदी लगटून, खुंट्यांच्या बाजूने, सरळ रेषेत. दोन फ्रेटच्या मध्यावर लावला की तारा जास्त खोल दाबल्या जातात आणि चढतात, फ्रेटच्या वरच बसवला की आवाज बसतो. पावसाळ्यात तर पाहायलाच नको. जून-जुलैत लाकूड दमटपणाने फुगतं, तारा फळीपासून वर उचलल्या जातात, म्हणजे दाबायचं अंतर वाढतं आणि चढणंही वाढतं. ऑगस्टात गणपतीच्या कार्यक्रमांची तालीम सुरू होते, ती नेमकी या दिवसांत.

म्हणून आधी कॅपो, मग जुळवणी. हा क्रम मोडायचा नाही. आणि जुळवायची ती पेटीला, मोबाइलमधल्या ट्यूनरला नाही. पेटीच्या आतल्या धातूच्या पत्त्या एकदा जिथे लावल्या तिथे राहतात, तिला आयत्या वेळी चढवता-उतरवता येत नाही, तेव्हा वाकायचं ते आपण. आत्याची पेटी जुनी आहे आणि नेहमीच्या ४४० च्या (ए सेकंदाला ४४० वेळा कंप पावतो त्या) हिशेबापेक्षा जरा चढी आहे. मी ट्यूनरमध्ये ४४३ करून ठेवलंय, त्याने जवळपास पोचता येतं, मग शेवटचं कानाने. काकांना सांगायचं, नुसता सा-प धरून ठेवा. तिसरी तार जी शेपमध्ये सा असते, चौथी प. त्या दोन आधी. पेटीच्या आणि तारेच्या स्वरात फरक असला की एक कंप ऐकू येतो, ववव असा. खुंटी फिरवाल तसा तो संथ होत जातो आणि मग नाहीसा होतो. नाहीसा झाला की थांबायचं. त्या दोन बसल्या की बाकीच्या चार वाद घालत नाहीत.

गाण्यांच्या मध्ये कॅपो काढला की तारा पुन्हा थोड्या बेसूर होतात हेही लक्षात ठेवा. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत तार अडकून बसते. कॅपो काढल्यावर प्रत्येक तार बोटाने जरा ओढून सोडायची, मग जुळवायची. कार्यक्रमात मी गाण्यांचा क्रमच असा मागून घेते की कॅपो फार नाचवावा लागू नये. निवेदिका चिडते, चिडू दे.

यात आत्याच्या एका सवयीचा मला फायदा होतो. तिची काही गाणी ती 'मध्यमातून' गाते. म्हणजे गाण्याचा पल्ला असा असतो की काळी चारचा सा धरला तर मुखडा फार खाली जातो, मग ती काळी चारच्या मध्यमालाच सा करते. काळी ४ चा मध्यम म्हणजे काळी १. ऐकायला मोठी उडी वाटते, पण माझा कॅपो जागचा हलत नाही. पहिल्या फ्रेटवर जी शेप होता, त्याच जागी सी शेप धरला की झाली काळी १, कारण जी चा मध्यम सी-च आहे. तबलजींना मात्र दुसरा तबला पुढे ओढावा लागतो. ते माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मी गिटार जरा मांडीआड करते.

त्याच्या उलट प्रसंग म्हणजे घसा बसतो तेव्हा. डिसेंबरातली थंडी, धूळ, लग्नांचे दिवस. आत्या ऐनवेळी म्हणते, "आज अर्धा सूर उतरून घे." काळी ४ वरून पांढरी ५. कॅपो काढला, जी शेप तोच, सोपं. पण "अजून अर्धा" म्हणाली की माझी पंचाईत, कारण कॅपो चढवतो फक्त, शून्याखाली जात नाही. काळी ३ ला मग ई शेप दुसऱ्यावर नाहीतर डी शेप चौथ्यावर, म्हणजे सगळी बोटं बदलली, मधले छोटे तुकडे बसवले होते ते गेले. म्हणून तिच्या आवाजावरून शंका आली की मी सुरुवातच ई शेप चौथ्यावर करते. चौथ्यावरून तिसरा, दुसरा, खाली सरकायला वाव राहतो. फोनवर ती "हॅलो" कशी म्हणते त्यावर माझा शेप ठरतो.

स्पेनमधल्या फ्लामेंको गाणाऱ्यांचंही असंच चालतं हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. तिथले गिटारवाले कॅपोला सेहिया म्हणतात, आणि गाणारा आपली पट्टी सांगतो ती कॅपोच्याच भाषेत, 'पोर मेदिओ, आल त्रेस', म्हणजे ए चा शेप, तिसरा फ्रेट. गिटारवाला मुकाट लावतो. तिथे कॅपोला कुणी कमअस्सल म्हणत नाही. जगातले एकेक अफाट वेगाने वाजवणारे लोक त्या परंपरेतले आहेत आणि गिटारवर कॅपो.

आपल्याकडे मात्र 'कॅपो म्हणजे चीटिंग' हे ऐकावं लागतं. साधारण वय वर्षं एकोणीस, केस मोठे, नुकतीच एफ ची बार कॉर्ड जमलेली, असा कुणीतरी ते म्हणतो. त्याला मी विचारते, स्केल चेंजर पेटी बघितलीस का? तिच्यात अख्खी पट्ट्यांची ओळ बाजूला सरकते, वाजवणाऱ्याची बोटं तीच राहतात आणि खालून वेगळे स्वर निघतात. पुण्यातल्या निम्म्या कार्यक्रमांत तसली पेटी असते आणि तिला कुणी चीटिंग म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवाय बार कॉर्डमध्ये मोकळी तार मिळत नाही. चारही बोटं अडकलेली, सहाही तारा दाबलेल्या, आवाज कोरडा. मोकळ्या तारेचा जो घुमारा आहे तो काळी चारला हवा असेल तर कॅपोला पर्याय नाही, तुमची बोटं कितीही दणकट असोत.

त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे तेही सांगते. एफ येत नाही म्हणून जन्मभर कॅपो लावून बसायचं हे काही खरं नाही. एफ शिका. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर कॅपो लावूनच बसवते. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या फ्रेटचं घर साधारण साडेछत्तीस मिलिमीटरचं असतं, पाचव्याचं एकोणतीस. लहान हाताला एवढा फरक पुष्कळ होतो, आणि तारही हलकी दाबली जाते.

तार हलकी दाबली जाण्यावरून एक तपासणी सांगते, नवी गिटार घेणाऱ्यांना कामाची आहे. स्वस्तातल्या गिटारवर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. लावल्याबरोबर गिटार एकदम सोपी झाली आणि पहिल्या दोन-तीन घरांतल्या कॉर्ड सुरात बोलायला लागल्या, तर दोष नटमध्ये आहे. त्याच्या खाचा पुरेशा खोल नाहीत, त्यामुळे तार तिथे उंच राहते आणि दाबताना चढते. कॅपो लावला की नट हिशेबातून जातो, म्हणून फरक कळतो. कारागिराकडून खाचा घासून घ्यायच्या, काम छोटं असतं. माझ्या एका शेजारणीने याच कारणाने बोटं दुखतात म्हणून गिटार सोडून द्यायचं ठरवलं होतं.

दोन गिटारी असतील तर एक मोकळी आणि एक कॅपोची ठेवा. पांढरी ५ ला एकीने नुसता जी वाजवायचा, दुसरीने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डी शेप. स्वर तेच, पण एक खालच्या अंगाने, एक वरच्या. दोघींनी एकच शेप वाजवला तर दोन गिटारी असल्याचं कुणाला कळतही नाही.

अर्धा कॅपो म्हणून एक प्रकार असतो, तो मला अलीकडे मिळाला. हा सहाच्या सहा तारा दाबत नाही, मधल्या तीनच दाबतो, पाचवी, चौथी आणि तिसरी. दुसऱ्या फ्रेटवर लावला की मोकळ्या तारा होतात ई बी ई ए बी ई. ई ला सा माना: सा प सा म प सा. तंबोऱ्यात पंचमही असतो आणि मध्यमाचाही लावतात, इथे दोन्ही एकदम. त्याच्या मागे दुसरा, नेहमीचा कॅपो लावून सगळंच पट्टीला चढवता येतं, म्हणजे काळी ४ ला नेहमीचा चौथ्यावर आणि अर्धा सहाव्यावर. गिटारच्या मानेवर दोन चिमटे बघून आत्या म्हणाली, "हिला सलाईन लावलंय का?" पण डोळे मिटून तिने त्यावर बराच वेळ आलाप केला, आणि मला थांबू दिलं नाही.

कॅपो कुठला घ्यायचा हे सारखं विचारतात. दोन-अडीचशे रुपयांपासून मिळतात. पेन्सिल आणि रबरबँडचाही करता येतो, मी केलाय, वसतिगृहात तोच होता. एका गाण्यापुरता टिकतो. अगदी स्वस्तातल्यांचं रबर वर्षभरात तारांच्या रेषा पडून चिरतं, मग पहिली तार खरखरते. शक्य असेल तर स्क्रूचा घ्या, दाब हातात राहतो. स्टेजवर भराभर बदलायचा असेल तर स्प्रिंगचा, तो एका हाताने निघतो आणि नको तेव्हा गिटारच्या डोक्याला अडकवून ठेवता येतो. दुकानात जाताना आपली गिटार बरोबर न्याच. लक्ष्मी रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी ती सांभाळत चालणं म्हणजे शिक्षा आहे, सकाळी जा. पहिल्या आणि पाचव्या, दोन्ही फ्रेटवर लावून सहाही तारा एकेक करून वाजवून बघा. स्टीलच्या तारांच्या गिटारची फळी किंचित गोलाकार असते, त्यामुळे कॅपोचं रबरही तसंच वळलेलं हवं. सपाट असेल तर कडेच्या तारा, पहिली आणि सहावी, खरखरतील. नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर फळी सपाट आणि रुंद असते, नटपाशी बावन्न मिलिमीटरच्या आसपास, तिला सपाट आणि लांब कॅपो लागतो. हे दुकानात आधीच सांगा, नाहीतर काउंटरवरचा मुलगा हाताला येईल तो देतो आणि "सगळ्याला बसतो, मॅडम" म्हणतो.